अर्ध्या उन्हातील उंच फुलझाडे

शाळेच्या आवारात ज्या जागी दिवसभर ऊन पडते, ती जागा आता बहुतेक गावी परसबागेच्या वाट्यास जाते. ते योग्यच आहे. मध्यान्ह भोजनात उपयोगी पडणाऱ्या मेथी, वांगी, टोमॅटो, शेवगा यांना पूर्ण ऊन हवे असते, आणि सोलापूर जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाण्यावरील पहिला हक्कही त्यांचाच असतो. फुलझाडांसाठी मग उरते ती इमारतीच्या उत्तरेकडील पट्टी, कडुलिंबाभोवतालची मोकळी जागा किंवा कुंपणाच्या भिंतीलगतची अरुंद कड. तेथे काही तास ऊन असते, काही तास सावली. जून महिन्यात मुले मोठ्या हौसेने तेथे झेंडूचे बी टाकतात. रोपे उगवतात, कमरेइतकी वाढतात, आणि गणेशोत्सवाच्या सुमारास पहिल्या जोराच्या सरीत आडवी होतात. फुले आलीच तर दोन-चार. आपल्याला हातगुण नाही अशी मुलांची समजूत होते, आणि पुढच्या वर्षी खुरपे हाती घेण्यास तीच मुले कचरतात. वास्तविक उणीव हातगुणाची नसते. त्या जागेस न साजणारे झाड तेथे लावलेले असते, इतकेच.

हंगामी फुलझाडांचे शाळेस एक विशेष महत्त्व आहे. ज्या इयत्तेत मुलाने बी पेरले, त्याच इयत्तेत ते झाड फुललेले पाहून त्याचे बी त्याला स्वतःच्या हाताने गोळा करता येते. बी ते बी असा सबंध जीवनक्रम एका शालेय वर्षात बसविणारे दुसरे साधन इतक्या अल्प खर्चात मिळणे कठीण आहे. त्यातही उंच जाती निवडण्याचे कारण केवळ शोभेचे नाही. भिंत झाकण्यास, स्वच्छतागृहाकडील बाजू आडोशाला घेण्यास आणि वर्गाच्या खिडकीतून दिसण्यास वीतभर उंचीची झाडे उपयोगी पडत नाहीत.

जातीची उंची व सावलीची उंची

येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सावलीत वाढलेले जवळजवळ प्रत्येक उन्हाळू झाड उंच होते. परंतु ही उंची बळाची नव्हे. झाडाच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या प्रकाशातील लाल किरण पानांनी आधीच शोषून घेतलेले असतात. लाल किरणांच्या पलीकडील, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे किरण मात्र पानांतून सहज पार होतात. रोपांमध्ये फायटोक्रोम नावाचे एक द्रव्य असते. ते या दोन किरणांचे परस्पर प्रमाण ओळखते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ते प्रथम प्रत्यक्ष दाखवून दिले. लाल किरण कमी पडले म्हणजे डोक्यावर दुसरे झाड आहे असा रोपाच्या दृष्टीने अर्थ होतो. मग ते फुटवे आवरते आणि सर्व बळ खोड लांबविण्यात खर्च करते. खोड बारीक, पेरे लांब, पाने विरळ, आणि कळीच्या वेळी शिल्लक काही नाही, अशी त्याची स्थिती होते. झेंडूचे जे होते ते हेच.

भिंतीच्या सावलीची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे थेट ऊन नसले तरी मोकळ्या आकाशाचा प्रकाश मिळतो, आणि त्यातील लाल किरण पानांनी चोरलेले नसतात. अशा जागी रोप उजेडाच्या बाजूस झुकते खरे, पण झाडाखालच्या रोपाइतके वेडेवाकडे लांबत नाही. शिवाय भिंतीला मुळे नसतात. कडुलिंबाखाली दिलेल्या पाण्याचा मोठा वाटा कडुलिंबच पितो. यास्तव शाळेजवळ भिंतीची सावली आणि झाडाची सावली अशा दोन्ही जागा असतील, तर फुलांसाठी भिंतीची जागा अगोदर धरावी.

तात्पर्य, सावलीत उंच होईल असे झाड शोधावयाचे नाही. तसे तर कोणतेही होते. जे जातीनेच उंच आहे, ज्याचे खोड मुळात जाड व रसदार अथवा ताठ आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या उन्हावर ज्याला कळ्या धरता येतात, असे झाड शोधावयाचे आहे.

सोलापूरचे ऊन कोठून येते

अर्धी सावली म्हणजे किती, हे पाहण्यास बियांच्या पाकिटावरील शब्द पुरेसे नाहीत. त्यावरील सूचना पुष्कळदा परदेशी पुस्तकांतून उचललेल्या असतात. लंडनमध्ये भर जूनमध्येही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवरच राहतो. तेथील माणूस ज्याला पूर्ण ऊन म्हणतो ते सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हापुढे सौम्यच होय. म्हणून तेथे ज्या झाडाला पूर्ण ऊन लागते म्हणून लिहिले आहे, त्यांपैकी काही झाडे येथे दुपारच्या सावलीत अधिक सुखाने राहतात. उलटपक्षी त्या पुस्तकांत सावलीतील उंच फुलांत अग्रमान असलेला डिजिटॅलिस येथे कामाचा नाही. तो थंड हवेचा असून बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतो, आणि त्याचे सर्व अंग हृदयास घातक असे विष धारण करते. शाळेच्या आवारात त्याला स्थान नसावे.

सोलापूर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो : एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व सावली दक्षिणेकडे पडते. पुष्कळांना हे ऐकून नवल वाटते, पण अंगणात एक मीटरची काठी उभी करून कोणासही ते पाहता येईल. मध्यान्हीला ही काठी २१ जून रोजी सुमारे १० सेंटिमीटर सावली दक्षिणेकडे टाकील. २३ सप्टेंबरच्या सुमारास ३२ सेंटिमीटर उत्तरेकडे. आणि २२ डिसेंबर रोजी ८७ सेंटिमीटर उत्तरेकडे. मात्र मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची असल्याने सोलापुरास खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते.

याचा बागेशी संबंध असा. वर्गखोल्यांची भिंत साडेतीन मीटर उंच धरली, तर डिसेंबरमध्ये तिच्या उत्तरेस मध्यान्हीलाही तीन मीटर रुंद सावली असते. सप्टेंबरअखेर ती एक मीटरच्या आसपास असते. आणि जून-जुलैमध्ये तेथे सावली जवळजवळ नसतेच. त्या महिन्यांत सूर्य पूर्वेच्याही उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीला सकाळी व सायंकाळी दोन्ही वेळा ऊन लागते. म्हणजेच जी पट्टी जानेवारीत गारठलेली व अंधारी दिसते, तीच पावसाळी फुलांसाठी उत्तम ठरते. शिक्षक हिवाळ्यात जागा पाहून 'येथे काही येणार नाही' असा निर्णय देतात, तो पावसाळ्यापुरता चुकीचा असतो. पावसाळी वाफा उत्तरेस आणि हिवाळी वाफा पूर्वेस, अशी विभागणी केल्यास निम्म्या अडचणी दूर होतात.

पूर्वेची बाजू सर्वांत उत्तम. तेथे सूर्योदयापासून जवळजवळ मध्यान्हीपर्यंत कोवळे व मध्यम ऊन मिळते, आणि दुपारी इमारतच छत्री धरते. पश्चिमेच्या बाजूसही तितकेच तास ऊन असते. पण ते दुपारचे. भिंत तापते आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता टाकीत राहते. तासांची बेरीज सारखी असली तरी झाडाच्या दृष्टीने या दोन जागा सारख्या नाहीत. दक्षिणेकडील पट्टी हिवाळ्यात पूर्ण उन्हाची असते, तेव्हा तिचा येथे विचार करण्याचे प्रयोजन नाही.

कडुलिंबाखालील सावली ठिपक्यांची असते व फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाल्यावर तीही विरळ होते. चिंचेची किंवा वडाची सावली दाट. तिच्याखाली फुलांचा आग्रह धरू नये.

जागा ठरविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मुलांकडून सावलीचा नकाशा करवून घेणे. शाळा उघडल्यावरच्या एखाद्या निरभ्र दिवशी, आणि पुन्हा डिसेंबरमध्ये, दर तासाला सावलीची कड फक्कीने आखावी. कोणत्या चौकटीत किती तास ऊन पडले ते पाटीवर लिहावे. भूगोल, गणित व कार्यानुभव यांचा एक तास एकाच कामात साधतो. पाच तास किंवा अधिक ऊन, तीन ते पाच तास ऊन, आणि तीन तासांहून कमी ऊन असे तीन भाग पाडले म्हणजे पुढील निवड सोपी होते. तीन तासांहूनही कमी ऊन असलेल्या जागी नळाचे सांडपाणी जात असेल तर सरळ अळू लावावे. त्याची पाने फुलांइतकीच देखणी असतात आणि शिवाय भाजीस येतात.

कोणती झाडे घ्यावीत

अर्ध्या सावलीचे पहिले झाड म्हणजे गुलमेंदी, अर्थात आपला तेरडा. तो याच देशाचा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात तेरड्याच्या जाती ओल्या, अर्धवट सावलीच्या जागी आपोआप उगवतात. कोकणात गौरीच्या सणाला तेरड्याची रोपेच गौर म्हणून घरी आणली जातात. बागेतील दुहेरी फुलांच्या जाती याच झाडापासून निघाल्या. उंच जात अडीच फुटांपर्यंत जाते; दुकानात 'बुटकी' म्हणून मिळणारी जात येथे घेऊ नये. खोड जाड व पाणीदार असल्याने ते वाऱ्याला टिकते, आणि तीन-चार तासांच्या उन्हावरही बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुले लागतात. जूनच्या उत्तरार्धात पेरलेले बी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास फुलू लागते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. सबंध झाड मात्र पाच-सहा आठवडे सतत फुलत राहते, हे मुलांकडून मोजून घ्यावे. पिकलेले बोंड बोटाने स्पर्श करताच फुटते व बिया दूर उडतात. बीजप्रसाराचा याहून चांगला पाठ पुस्तकात नाही.

तेरड्याचा एकच दोष, तो म्हणजे तहान. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळदा दोन-तीन आठवडे आभाळ नुसते येऊन जाते. नेमक्या त्याच वेळी तेरडा कळ्यांवर असतो. त्या दिवसांत पाण्याची तरतूद नसेल तर तेरड्याची संख्या कमी करून गुलबाक्षी वाढवावी.

गुलबाक्षी हे कोरड्या तालुक्यांचे झाड म्हणावे इतके सोशिक आहे. ती मूळची अमेरिका खंडाची, परंतु आता महाराष्ट्रातील कोणत्याही गावी मागील दारी सापडेल. जमिनीत तिचा गड्डा राहतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती हंगामी नव्हे. तथापि बी लावल्यापासून त्याच पावसाळ्यात फुलत असल्याने तिला हंगामी धरण्यास हरकत नाही. तीन फूट उंच, तितकीच रुंद, भिंत झाकणारी. पश्चिमेच्या तापट भिंतीजवळ टिकणारे अर्ध्या उन्हाचे झाड हेच. तिची फुले दुपारी चारनंतर उमलतात व दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मिटतात, म्हणून ज्या शाळा सकाळच्या सत्रात भरतात त्यांना ती फुललेली क्वचितच दिसेल. पूर्ण दिवसाच्या शाळेत मात्र घंटा होण्याच्या वेळी ती उमलते. रात्रीचे पतंग तिच्या लांब नळीतील मध घेण्यास येतात.

वरच्या वर्गांना सांगण्याजोगी एक गोष्ट येथे नमूद करावी. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी जर्मनीच्या कार्ल कॉरेन्स यांनी ज्या झाडांवर प्रयोग केले त्यांत गुलबाक्षी होती. लाल व पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला असता पहिली पिढी गुलाबी निघते, आणि तिच्यापासून पुढे लाल, गुलाबी व पांढरी अशी तिन्ही रंगांची झाडे निघतात. गावातील गुलबाक्षीचे रंग आधीच मिसळलेले असल्याने हा प्रयोग शाळेत काटेकोरपणे होणार नाही. पण बी कोणत्या झाडाचे व निघालेले झाड कोणत्या रंगाचे याची नोंद ठेवण्यास मुलांना गोडी लागते. सावधगिरी एकच. तिचे काळे बी मिऱ्यासारखे दिसते आणि ते पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात. लहान वर्गांच्या हाती ते मोजून द्यावे व मोजून परत घ्यावे.

ज्या जागी पाच तासांच्या आसपास ऊन आहे, विशेषतः सकाळचे, तेथे क्लिओम लावावे. शेतात तण म्हणून उगवणाऱ्या तिळवणीचे हे बागेतील नातलग. चार ते पाच फूट उंच, ताठ खोडाचे, शेंड्यावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ, आणि पुंकेसर कोळ्याच्या पायांसारखे लांब बाहेर आलेले. दुपारच्या प्रखर उन्हात त्याच्या पाकळ्या कोमेजतात, म्हणून दुपारची सावली त्याला लाभदायकच ठरते. वरती फुले आणि खाली पिकलेल्या शेंगा असा देखावा एकाच खोडावर दिसतो. पानांच्या देठाशी बारीक काटे असतात व अंगाला चिकट, उग्र वास असतो. यास्तव ते पायवाटेपासून दूर, भिंतीच्या बाजूस लावावे. शेळ्या त्याच्या वाट्यास सहसा जात नाहीत, हा कुंपण नसलेल्या शाळांना फायदाच म्हणावा.

पिवळा कॉसमॉस उन्हाचा भोक्ता आहे. परंतु पाच तासांत भागवून घेतो. तो तीन-चार फूट वाढतो, फुले नारिंगी-पिवळी, फुलपाखरांची गर्दी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. न खुडल्यास अर्ध्या सावलीत तो पडतो. दोन गोष्टींचा विचार मात्र अवश्य करावा. एक, हे परदेशी झाड आपोआप बी टाकून पसरते. पुण्याच्या टेकड्यांवर कॉसमॉस रानात पसरल्याचे दिसते. सोलापुरात नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखे गवताळ माळ आहेत. माळाला लागून असलेल्या शाळांनी हे झाड टाळावे किंवा बी पिकण्यापूर्वी बोंडे काढून घ्यावीत. दुसरी गोष्ट, त्याचे कोवळे रोप गाजरगवताच्या रोपासारखे चिरलेल्या पानांचे दिसते. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज प्रत्येक गावात आहे, आणि त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगावर पुरळ उठते. मुलांनी कॉसमॉस समजून गाजरगवताची जोपासना केल्याची उदाहरणे विरळ नाहीत. कॉसमॉसची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात. गाजरगवताची प्रथम जमिनीसरशी चक्राकार पसरतात व पुढे एकाआड एक येतात. हा फरक फळ्यावर काढून दाखवावा.

हिवाळ्यासाठी निवड आटोपशीर आहे. लाल साल्व्हियाची उंच जात पूर्वेच्या वाफ्यात दोन-अडीच फूट होते, आणि उष्ण जिल्ह्यांत तिला दुपारची सावली मानवते. तिचे बी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये पेरले म्हणजे प्रजासत्ताकदिनी वाफा लाल असतो. हॉलिहॉक पुरुषभर वाढतो. पण सकाळचे ऊन भरपूर मिळाले तरच, आणि तो फुलेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. लार्कस्परचे निळे तुरे मोहक असतात, तरी त्याचे बी विषारी आहे आणि सोलापूरची थंडी त्याला थोडकी पडते; प्राथमिक शाळेने त्याच्या मागे लागू नये.

झेंडू, सूर्यफूल, झिनिया व कोंबडा ही पूर्ण उन्हाची झाडे. परसबागेच्या कडेला त्यांना एखादी ओळ मिळाली तर आनंदच. अर्ध्या सावलीत त्यांना घालू नये. झिनियाच्या पानांवर सावलीत भुरी हटकून पडते. परसबागेच्या कडेचा विषय निघाला आहे तर अंबाडीचेही स्मरण ठेवावे. ती पुरुषभर उंच होते, पावसाळाभर भाजी देते, आणि दिवस लहान होऊ लागले की फिकट पिवळ्या, मध्ये गडद डोळा असलेल्या फुलांनी भरते. शेताच्या बांधावरची म्हणून तिला कोणी फुलझाड म्हणत नाही, इतकेच.

पेरणी, पाणी व आधार

पहिल्या पावसाच्या भरवशावर वाफ्यात बी टाकू नये. सोलापूरचा जून फसवा असतो. बी प्रथम खोक्यात किंवा लहान गादीवाफ्यावर पेरावे व रोपे चार-सहा पानांची झाल्यावर सायंकाळी हलवावीत. गुलबाक्षीचे बी मोठे असल्याने ते जागेवरच लावता येते. काळ्या जमिनीत भिंतीलगत पाणी साचते आणि तेरड्याचे बुंधे कुजतात. तेथे वाफा वीतभर उंच करून त्यात मुरूम किंवा वाळू व शेणखत मिसळावे. झाडाखाली खणताना कडुलिंबाची जाड मुळे तोडू नयेत आणि बुंध्याशी मातीचा ढीगही घालू नये. फांद्यांच्या घेराच्या कडेशी, जेथे सावली संपत येते, तेथे वाफा करणे झाडाला व फुलांना दोघांनाही बरे.

अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक ठेवावे, कारण दाटीत रोपे एकमेकांवर सावली धरतात व पुन्हा तीच लांबण्याची स्पर्धा सुरू होते. तेरड्यास दीड फूट, क्लिओमला तितकेच, गुलबाक्षीला दोन फूट पुरेसे आहे. रासायनिक नत्राचा मोह टाळावा. सावलीत नत्र अधिक झाले की पाने माजतात व फुले मागे राहतात.

पाण्याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. चार मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्याला दिवसाकाठी चार मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर सोळा लिटर, म्हणजे सुमारे एक घागर लागते. अर्ध्या सावलीत बाष्पीभवन कमी, आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास आणखी कमी. मग एक दिवसाआड घागर पुरी पडते. जेवणापूर्वी मुले हात धुतात ते पाणी एका चरातून वाफ्याकडे वळविले तर वेगळी घागर भरावीच लागत नाही. माळशिरस-पंढरपूरकडील कालव्याखालच्या गावांना हा हिशेब अनावश्यक वाटेल. सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू भागात त्यावाचून बाग होणार नाही. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. सावलीत भिजलेली पाने लवकर वाळत नाहीत आणि रोगास आमंत्रण मिळते.

आधारासाठी तुराट्यांसारखे स्वस्त साधन नाही. रोप गुडघ्याएवढे असतानाच तुराटी रोवावी. झाड पडल्यानंतर रोवलेली तुराटी मुळे तोडते. सुतळीचा फास खोडाभोवती सैल, इंग्रजी आठाच्या आकाराचा घ्यावा. भिंतीकडील रोपे उजेडाकडे झुकतात, म्हणून तुराटी भिंतीच्या बाजूस असावी.

दिवाळीच्या सुट्टीचा विचार पेरणीच्या वेळीच करावयास हवा. पावसाळी फुले तोवर संपत आलेली असतात, त्यांची चिंता नाही. साल्व्हियाची रोपे मात्र त्या दिवसांत नाजूक अवस्थेत असतात. ती खोक्यातच ठेवून शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी द्यावीत व सुट्टीनंतर वाफ्यात लावावीत. मार्चनंतर मात्र नवीन काही लावू नये. पिण्याच्या पाण्याची ओढ सुरू होते आणि मेमध्ये शाळा बंद असते. वाफा खणून उन्हात तापू द्यावा.

बी धरण्यासाठी प्रत्येक जातीची सर्वांत ताठ, न पडलेली चार झाडे ऑगस्टमध्येच रंगीत दोरा बांधून निवडावीत. सर्वांत उंच झाड निवडण्याची चूक मुले हमखास करतात. त्या जागेत उभे राहिलेले व भरपूर फुललेले झाडच पुढच्या वर्षी त्या जागेस उपयोगी. बाजारातील संकरित बियाण्याच्या झाडांचे बी धरल्यास पुढची पिढी मूळ झाडासारखी निघत नाही, म्हणून प्रथमच बी घेताना गावातल्या एखाद्या परसातील साधी, जुनी जात मिळवावी. तेरड्याची बोंडे हिरवी जाऊन फिकट होऊ लागली की मुठीत धरून हळूच दाबावीत, म्हणजे बिया उडून जात नाहीत. क्लिओमच्या शेंगा खालून वर पिकतात. त्या पिवळ्या पडताच एकेक काढाव्यात. बी आठवडाभर सावलीत वाळवून, चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि डब्यावर जात, वाफ्याची दिशा, तेथे मिळणारे उन्हाचे तास व पेरणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डकवावी.